निर्यात सवलतीचे पैसे सुटण्याआधी चार आकडे एका ओळीत मांडा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

शेतमालाच्या निर्यातीला सरकारने उत्तेजन द्यावे की नाही, आणि द्यायचे तर किती, यावर आपल्या दैनिकात नेहमी चर्चा होते. मात्र दिलेले पैसे नेमके कोणाच्या पदरात पडतात आणि खोटा दावा करणाऱ्याला अडवायला सरकारी यंत्रणेजवळ काय साधन आहे, याविषयी त्या मानाने फार थोडे लिहिले जाते. न्हावाशेवा बंदराच्या परिसरात एका कस्टम हाउस एजंटच्या कार्यालयात मी पंचवीस वर्षे निर्यातीची कागदपत्रे तयार करण्याचे काम केले. शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सकडे दाखल होणारा कागद), पॅकिंग लिस्ट, फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) यांतच माझा दिवस जात असे. त्या अनुभवातून जे ठामपणे म्हणता येते तेवढेच येथे मांडतो. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

निर्यात सवलतीचा दावा खरा की खोटा हे ठरवायला चार आकडे पुरतात. माल किती होता, कोणत्या भावाचा होता, कुठे पोहोचला आणि त्याचे पैसे किती आले. हे चारही आकडे आज कुठल्या ना कुठल्या दप्तरात नोंदलेले असतात. वजनाची नोंद वजनकाट्यावर आणि जहाज कंपनीकडे, भावाची नोंद कस्टम्सकडे, पोहोचल्याची नोंद पलीकडच्या बंदरात आणि पैशांची नोंद बँकेत. प्रत्येक कार्यालय आपापला आकडा प्रामाणिकपणे सांभाळते. पण पैसे सुटण्याआधी हे चार आकडे कोणीतरी एका ओळीत मांडून पाहिले, असे माझ्या सबंध नोकरीत मला एकदाही दिसले नाही. आपल्याकडे फसवणूक होते ती या चार दप्तरांमधल्या मोकळ्या जागेत.

२०१७ सालच्या पावसाळ्यातील एक प्रसंग सांगतो. त्या वेळी निर्यातदारांना सवलत देणारी एमईआयएस ही केंद्राची योजना चालू होती. सुकवलेल्या कांद्याच्या कापांची एक खेप आमच्या कार्यालयाकडे आली. निर्यातदार नवा होता. त्याच आठवड्यात आमच्या हातून याच मालाची आणखी तीन बिले गेली होती आणि या बिलातला किलोमागचा भाव त्या तिन्हींच्या दुपटीहून अधिक होता. कंटेनर भरायच्या वेळी काही कामानिमित्त मी फ्रेट स्टेशनवर होतो. ट्रकमधून माल उतरवताना हमालाच्या हातून एक कागदी गोणी निसटली आणि तिची शिलाई उसवली. वरचे चार बोटे काप पांढरे स्वच्छ होते. त्यांच्याखाली तपकिरी पडलेला चुरा, साली आणि मुळांकडचे कठीण शेंडे होते, आणि गोणी उचलताच त्यांची धूळ उडाली. असा माल त्या भावाने जगात कोणी विकत घेणार नाही, हे कळायला तज्ज्ञ असण्याची गरज नव्हती.

मी कार्यालयात येऊन ही गोष्ट वरिष्ठांच्या कानावर घातली. उत्तर मिळाले ते असे: "बँकेत पैसे येणार आहेत ना? मग भाव काय लावायचा ते ज्याचे त्याला माहीत." पैसे खरोखरच आले, तेही वेळेत आणि पूर्ण. खरेदीदार एका देशातला आणि पैसे पाठवणारा दुसऱ्याच देशातला होता, पण बँकेचा दाखला निघाला आणि सवलतीची स्क्रिपही (आयात शुल्क भरायला चालणारे आणि दुसऱ्याला विकता येणारे सरकारी पत्र) मिळाली. कागदांत काडीचीही खोट नव्हती, कारण ते कागद मीच तयार केले होते. वरिष्ठांशी बोलून मी गप्प बसलो, याची बोच मला आजही आहे आणि या पत्राच्या मुळाशी तीच आहे.

या प्रसंगातून माझ्या जे ध्यानात आले ते आजच्या यंत्रणेलाही लागू आहे. निर्यातीचे पैसे देशात आले का, हे पाहण्याची आपली व्यवस्था चांगली आहे. २०१२ पासून बँकेचा वसुली दाखला इलेक्ट्रॉनिक झाला आणि २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेची ईडीपीएमएस ही प्रणाली आली, त्यामुळे प्रत्येक शिपिंग बिलासमोर आलेली रक्कम दिसू लागली. खोटे दाखले छापून आणण्याचा जुना धंदा त्यामुळे बराचसा बसला, हे मान्य केलेच पाहिजे. पण पैसा आला म्हणजे माल खरा होता, हा निष्कर्ष चुकीचा आहे. ज्याच्याकडे बाहेर दडवलेला पैसा आहे, त्याला तो निर्यातीच्या नावाने देशात आणणे सोयीचेच असते. त्याचा काळा पैसा उजळतो आणि वर सरकारच्या तिजोरीतून टक्केवारी मिळते. अशा माणसाच्या बाबतीत बँकेचा दाखला फसवणूक उघडी पाडत नाही, उलट तिच्यावर खरेपणाचा शिक्का मारतो.

टक्केवारी हाच रोगाचा गाभा आहे, असे माझे मत आहे. १ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी संपलेल्या एमईआयएसमध्ये सवलत मालाच्या एफओबी मूल्याच्या (जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीच्या) ठरावीक टक्के असे. म्हणजे भाव जितका फुगवावा तितकी सवलत अधिक. कांद्याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या वाचकांना आठवत असेल. भाव कोसळल्यामुळे डिसेंबर २०१८ च्या अखेरीस कांद्यावरची सवलत ५ टक्क्यांवरून १० टक्के करण्यात आली आणि जून २०१९ मध्ये ती पूर्ण काढून घेण्यात आली. शेतकऱ्याला आधार देण्याचा त्यामागचा हेतू रास्तच होता. पण ज्या दिवशी सवलतीचा दर दुप्पट होतो त्या दिवशी खोटा भाव लावण्याचा मोहही दुप्पट होतो, आणि तपासणीची कसोटी मात्र आदल्या दिवशीचीच राहते. दर वाढवणाऱ्या आदेशातच तपासणी वाढवण्याचे कलम असावे, ही मागणी करायला कोणी अर्थतज्ज्ञ लागत नाही.

याउलट साखरेकडे पाहा. २०१९-२० च्या हंगामात साखर निर्यातीसाठी टनामागे १०,४४८ रुपये आणि २०२०-२१ साठी टनामागे ६,००० रुपये असे साहाय्य ठरले होते. दोन्ही वर्षी ६० लाख टनांची मर्यादा होती आणि प्रत्येक कारखान्याचा कोटा ठरवून दिलेला होता. २०२०-२१ च्या निर्णयात ही रक्कम उसाच्या थकीत देण्यापोटी थेट शेतकऱ्यांच्या खात्यात भरण्याची तरतूद केली होती. या रचनेत बिलावर कोणताही भाव लिहिला तरी साहाय्य वाढत नाही, कारण ते टनावर आहे. पैसे शेवटी उत्पादकाच्या खात्यात जात असल्याने मधल्या माणसाला खोटेपणा करण्यात फारसा रसही उरत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा मंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये साखरेबाबत भारताच्या विरोधात निर्णय दिला आणि भारताने त्यावर अपील केले, तो वाद वेगळा आहे. फसवणुकीपुरते बोलायचे तर या योजनेची बांधणी एमईआयएसपेक्षा कितीतरी पक्की होती. टनाचा आकडा मात्र तेथेही शिपिंग बिलावरूनच घेतला जाई, आणि तो आकडा खरा असल्याची खात्री करणे हेच काम उरते.

एमईआयएसच्या जागी १ जानेवारी २०२१ पासून आलेल्या, निर्यातमालावर पडलेले कर परत देणाऱ्या रोडटेप योजनेत अनेक मालांवर टक्केवारीच्या जोडीला नगामागे किंवा किलोमागे कमाल रक्कम ठरवून दिली आहे. भाव कितीही फुगवला तरी त्या रकमेच्या वर सवलत जात नाही. गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात झालेली ही सर्वांत शहाणपणाची सुधारणा आहे असे मी मानतो. ही कमाल मर्यादा शेतमालाच्या प्रत्येक नोंदीला लावली पाहिजे आणि ती बाजारभावाप्रमाणे वेळोवेळी बदललीही पाहिजे. तिला अपवाद ठेवण्याचे कोणतेही सबळ कारण मला दिसत नाही.

आता मालाच्या उगमाकडे वळतो, कारण कारखान्यातला माल आणि शेतातला माल यांत तपासणीच्या दृष्टीने मोठा फरक आहे. यंत्राचा सुटा भाग निर्यात करणाऱ्याला तो कुठून घेतला याचे जीएसटी बिल दाखवावे लागते, आणि त्या बिलामागे आणखी बिले असतात. ताजा कांदा, द्राक्षे, भाजीपाला यांवर जीएसटी नाही आणि करमुक्त मालाला ई-वे बिलही (माल वाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण त्यामुळे शेतापासून बंदरापर्यंत मालाचा कागदी माग राहत नाही आणि नसलेला माल कागदावर उभा करणे सोपे जाते. सप्टेंबर २०१९ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालय आणि जीएसटी गुप्तचर महासंचालनालय यांच्या सुमारे १,२०० अधिकाऱ्यांनी देशभर ३३६ ठिकाणी एकाच दिवशी छापे घातले आणि खोट्या बिलांवर परतावे घेणाऱ्या निर्यातदारांच्या साखळ्या उघड केल्या. त्या साखळ्या सापडल्या याचे एक कारण म्हणजे त्यांनी मागे बिलांची रांग सोडली होती. शेतमालात ती रांगच नसते.

मग शेतमालाचा माग काढायचा कसा? त्याचे उत्तर आपल्या राज्याने आधीच देऊन ठेवले आहे. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडले आणि त्यानंतर २००६ मध्ये अपेडा या शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेने ग्रेपनेट ही प्रणाली सुरू केली. निर्यातीच्या बागेची प्लॉटवार नोंदणी, अंश तपासणीचा अहवाल, पॅकहाउसची नोंद आणि खोक्यापर्यंतचा माग ही सारी व्यवस्था अन्नसुरक्षेसाठी उभी राहिली. पण तिच्यातून आपोआप एक दुसरे कामही होऊ शकते. ज्या बागेतून हंगामात अमुक टनांहून अधिक द्राक्षे निघणेच शक्य नाही, त्या बागेच्या नावावर त्याहून जास्त माल बाहेर गेल्याचे दिसले, तर तो दावा तेथेच थांबवता येतो. ज्या पिकांसाठी अशी नोंदणी नाही, तेथे बाजार समितीची काटापट्टी आणि सेस भरल्याची नोंद आहे. लासलगावच्या आवारात लिलावाला आलेल्या प्रत्येक वाहनाचे वजन कुठेतरी लिहिलेले असते. कांद्याच्या निर्यातदाराने शिपिंग बिलासोबत खरेदीच्या पट्ट्यांचे क्रमांक द्यावेत, एवढी अट घातली तरी हवेतला कांदा निर्यात करणे अवघड होईल. थेट शेतातून खरेदी करणाऱ्यांसाठी शेतकऱ्याच्या खात्यात पैसे दिल्याचा बँक तपशील हा तितकाच चांगला पुरावा आहे.

वजनाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे. १ जुलै २०१६ पासून समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार भरलेल्या प्रत्येक कंटेनरचे प्रमाणित एकूण वजन जहाजावर चढण्याआधी कळवावे लागते. त्याला आमच्या धंद्यात व्हीजीएम म्हणतात. कंटेनर भुईकाट्यावर उभा राहतो, ट्रकचे वजन वजा होते, पावती निघते आणि तो आकडा जहाज कंपनीकडे व बंदराकडे जातो. जहाजाचा तोल बिघडू नये म्हणून हा नियम आला. म्हणजे कंटेनरच्या वजनाचा स्वतंत्र आकडा आधीपासूनच उपलब्ध आहे आणि त्यासाठी सरकारला एक रुपयाही खर्च करायचा नाही. व्हीजीएममधून कंटेनरचे रिकामे वजन आणि बांधणीचे वजन वजा केले की मालाचे वजन निघते. ते शिपिंग बिलावरच्या वजनाशी जुळते का, हे संगणक क्षणात सांगू शकतो. दोन-तीन टक्क्यांचा फरक मालातली ओल आणि खोक्यांचे वजन यांमुळे पडतोच, तो सोडून द्यावा. पण फरक दहा टक्क्यांच्या वर गेला तर दावा थांबावा आणि माणसाने फाइल उघडून पाहावी. अशी पडताळणी माझ्या कामाच्या काळात सवलतीच्या कोणत्याही दाव्यासाठी झालेली मी पाहिली नाही.

सीलबाबत मात्र प्रगती झाली आहे हे सांगितलेच पाहिजे. २०१७ पासून कारखान्यात किंवा पॅकहाउसमध्ये स्वतः सील लावणाऱ्या निर्यातदारांना आरएफआयडीचे इलेक्ट्रॉनिक सील वापरावे लागते. वाटेत सील तोडले तर ते बंदराच्या दारावर कळते. रक्तचंदनासारखा बंदी असलेला माल शेतमालाच्या नावाखाली घुसवण्याच्या प्रकारांना त्यामुळे काहीसा आळा बसला. पण सील फक्त एवढेच सांगते की आत जे होते ते तसेच आहे. आत काय होते, हे ते सांगत नाही.

माल पोहोचल्याच्या पुराव्याचा विचार करताना युरोपचा अनुभव उपयोगी आहे. युरोपीय समुदाय अनेक दशके आपल्या शेतमालाच्या निर्यातीवर परतावा देत असे आणि तो कोणत्या देशात माल जातो यावर अवलंबून असे. साहजिकच लांबच्या देशाचे नाव लिहून माल जवळ उतरवणे, आणि बाहेर पाठवलेला माल फिरवून पुन्हा आत आणणे, असे प्रकार सुरू झाले. १९९० मध्ये त्यांनी कायदाच केला की परताव्याच्या किमान ५ टक्के खेपांची प्रत्यक्ष उघडून तपासणी झाली पाहिजे. १९८७ मध्ये एका जर्मन कंपनीने बटाट्याच्या स्टार्चची उत्पादने स्वित्झर्लंडला पाठवली, तेथे ती कागदोपत्री आयात झाली आणि त्याच वाहनांतून जशीच्या तशी लगेच परत आली. कागद सगळे नियमाप्रमाणे होते. हे प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २००० मध्ये न्यायालयाने सांगितले की नियमाची अक्षरे पाळली, पण नियमाचा हेतू साधला नाही आणि लाभ मिळवण्यासाठीच परिस्थिती मुद्दाम रचली गेली, तर परतावा मागे घेता येतो. आपल्या कायद्यात हे तत्त्व इतक्या स्पष्ट शब्दांत लिहिले जावे, असे मला मनापासून वाटते. परत आलेल्या मालावर घेतलेली सवलत परत करण्याची अट आपल्याकडे आहे, पण ती माल परत आल्याचे निर्यातदाराने स्वतः सांगितल्यावर लागू पडते. त्याने दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्या बंदरात माल आणला तर काय, याचे उत्तर दोन बिलांची सांगड घातल्याशिवाय मिळत नाही.

आपल्याकडे २०१९ मध्ये सुरू झालेल्या टीएमए योजनेत वाहतुकीचे साहाय्य देशाच्या अंतरानुसार ठरत असे आणि त्यासाठी माल पोहोचल्याचा पुरावा मागितला जाई. तत्त्व बरोबर होते. जागतिक व्यापार संघटनेच्या नैरोबी येथील परिषदेत डिसेंबर २०१५ मध्ये झालेल्या निर्णयाप्रमाणे विकसनशील देशांना अशा वाहतूक साहाय्याची मुभा २०२३ च्या अखेरपर्यंतच होती, त्यामुळे त्या स्वरूपातली योजना आता पुढे चालवण्यासारखी नाही. पण त्या योजनेत प्रामाणिक माणसाच्या वाट्याला काय आले, तेही मी पाहिले आहे. द्राक्ष बागायतदारांच्या एका उत्पादक कंपनीचे दावे आमच्याकडून गेले होते. पलीकडच्या कागदावर कंपनीच्या नावातले 'प्रोड्युसर' हे पद संक्षिप्त लिहिले होते, एवढ्या कारणावरून एक दावा परत आला. खरेदीदाराकडून नवा कागद मिळवण्यात हंगाम संपला. त्या कंपनीचे अध्यक्ष स्वतः पिंपळगावहून दोनदा आले. दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, "साहेब, द्राक्षं तिथं पोचली, लोकांनी खाल्ली, आमचे पैसे आले, आता आणखी काय दाखवू?" मला त्यांना देण्यासारखे उत्तर नव्हते. ज्याच्या कापांच्या गोणीत चुरा होता त्याचे कागद अचूक होते, आणि ज्यांची द्राक्षे खरी होती त्यांच्या कागदावर एक शब्द कमी होता.

कागदाच्या अचूकपणाला खरेपणा समजण्याची ही सवय मोडली पाहिजे. व्यावसायिक लबाड माणूस कागदात चूक करत नाही, कारण कागद हाच त्याचा माल असतो. चुका करतो तो शेतकरी किंवा नवा निर्यातदार. शब्दलेखनाची चूक आणि वजनाची तफावत यांत नियमाने भेद केला पाहिजे. पहिली जागच्या जागी दुरुस्त करता यावी, दुसरीवर चौकशी व्हावी.

कायद्यात शिक्षेची वानवा आहे असे मात्र नाही. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मध्ये खोट्या कागदपत्रांसाठी मालाच्या किमतीच्या पाच पटीपर्यंत दंडाची तरतूद कलम ११४ एए मध्ये आहे. फसवून मिळवलेल्या स्क्रिपवर माफ झालेले शुल्क मूळ घेणाऱ्याकडून वसूल करण्याचे कलम २८ एएए २०१२ मध्ये आले आणि अशा स्क्रिपबद्दल दंडाचे कलम ११४ एबी २०१९ मध्ये. अडचण अशी की तोवर स्क्रिप विकून झालेली असते, ती विकत घेतलेल्या आयातदाराने वापरलेली असते, आणि मूळ निर्यातदाराच्या पत्त्यावर एखादी रिकामी खोली किंवा ज्याला निर्यात हा शब्दही ठाऊक नाही असा गरीब माणूस सापडतो. त्याच्या पॅनवर कोणीतरी आयईसी (आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी क्रमांक) काढलेला असतो आणि महिन्याकाठी त्याच्या हातावर थोडे पैसे ठेवलेले असतात. बैल गेला आणि झोपा केला, अशी ही वसुली आहे. म्हणून पैसे देण्याआधीची जुळणी हीच खरी तपासणी आहे असे मी म्हणतो.

एमईआयएसच्या शेवटच्या चार महिन्यांत सरकारने यातली एक पळवाट नेमकी बंद केली होती. १ सप्टेंबर २०२० पासून एका आयईसीला २ कोटी रुपयांची कमाल मर्यादा घातली, आणि ती चुकवण्यासाठी लोक नवे आयईसी काढतील हे ओळखून त्या तारखेनंतर काढलेल्या आयईसीला योजनेचा लाभच नाही असे त्याच आदेशात लिहिले. असा विचार आधीच करून ठेवणारा अधिकारी वर्ग आपल्याकडे आहे. तो विचार योजना सुरू होतानाच व्हावा, ती मिटताना नव्हे. नव्या आयईसीवरचा पहिल्या वर्षातील शेतमालाचा प्रत्येक मोठा दावा जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय सुटू नये.

बंदरावर सगळेच कंटेनर उघडून पाहणे शक्य नाही आणि तसे करूही नये, कारण रीफर (शीत) कंटेनरमधली द्राक्षे उन्हात दोन तास उघडी राहिली तर सगळ्या खेपेचे नुकसान होते. २०१३ पासून निर्यातीची बिले जोखीम व्यवस्थापन प्रणालीतून जातात आणि कोणती तपासायची हे संगणक ठरवतो. या प्रणालीचे निकष गुप्त असतात, ते तसेच असावेत. पण त्यांत शेतमालाचे स्वतःचे निकष असायला हवेत. हंगाम नसताना निघालेला माल, त्याच आठवड्यातल्या इतर बिलांपेक्षा फार वरचा भाव, सगळी निर्यात एकाच खरेदीदाराला, खरेदीदार आणि पैसे पाठवणारा यांचे देश वेगळे, आणि पिकत नाही त्या भागातून आलेले पीक. बाजार समितीत दहा वर्षे काढलेला कोणताही मापाडी ही यादी अर्ध्या तासात आणखी लांबवून देईल. अशा माणसांना कोणी विचारल्याचे मी ऐकले नाही.

तपासणी कच्ची राहिली की शेवटी शिक्षा कोणाला होते, याचे उदाहरण २०२३ मध्ये तांदळाने दाखवून दिले. त्या वर्षी २० जुलैला साध्या पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली. त्यानंतर बासमतीच्या नावाखाली साधा तांदूळ बाहेर जात असल्याच्या तक्रारी आल्या आणि ऑगस्टच्या अखेरीस टनाला १,२०० डॉलरपेक्षा कमी भावाचे बासमतीचे करार नोंदवणेच थांबवले गेले. कमी भावाचा खरा बासमती पिकवणारे शेतकरीही त्यात अडकले. ऑक्टोबरमध्ये ती मर्यादा ९५० डॉलरवर आणली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये काढून टाकली. तेथे सवलतीचा प्रश्न नव्हता, खोट्या वर्णनाचा होता, पण दुखणे तेच आहे. खेपेतला दाणा ओळखण्याची सोय बंदरावर पुरेशी नसल्यामुळे सगळ्यांवर सरसकट भावाची मर्यादा लादावी लागली. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण अशाच प्रसंगासाठी आहे.

आणखी एक सूचना. कोणत्या निर्यातदाराला कोणत्या शेतमालासाठी किती वजनावर किती सवलत मिळाली, याची यादी दर तिमाहीला सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध व्हावी. व्यापारी गुपिताचे कारण पुढे केले जाईल, पण सार्वजनिक पैसा घेणाऱ्याने घेतलेली रक्कम लपवण्याचा हक्क मला मान्य नाही. एखाद्या गावच्या नावावर त्या गावात कधी न लावलेले पीक शेकडो टन निर्यात झाल्याचे दिसले, तर ते सर्वांत आधी त्या गावच्या लोकांच्याच लक्षात येईल. सीमाशुल्क विभागात खबर देणाऱ्याला वसुलीच्या २० टक्क्यांपर्यंत बक्षीस देण्याची पद्धत आहे. सवलतींच्या फसवणुकीबाबत ती आहे हे फ्रेट स्टेशनवरच्या हमालापर्यंत आणि माझ्यासारख्या कारकुनापर्यंत मराठीत लिहून पोहोचले पाहिजे. २०१७ च्या त्या दिवशी मला कोणाकडे जायचे हे ठाऊक असते, तर मी गेलो असतो.

या साऱ्याची सुरुवात करायला नवा कायदा नको. द्राक्षांचा हंगाम जानेवारीत सुरू होतो. बागेची नोंदणी, पॅकहाउसची नोंद, व्हीजीएम, शिपिंग बिल आणि बँकेचा दाखला हे सगळे या एका पिकाच्या बाबतीत आधीच संगणकावर आहे. वाणिज्य मंत्रालयाने एका हंगामापुरते न्हावाशेवातून जाणाऱ्या द्राक्षांचे हे आकडे खेपेनिशी शेजारी शेजारी मांडून पाहावेत. जेथे ते जुळतील तेथे सवलतीचे पैसे पंधरा दिवसांत, नावातल्या एका शब्दासाठी अडवून न ठेवता, उत्पादक कंपनीच्या खात्यात भरावेत. जेथे जुळणार नाहीत तेथे अधिकाऱ्याने पैसे सुटण्याआधी पॅकहाउसमध्ये जाऊन विचारावे.

आपला,

एक निवृत्त निर्यात कारकून, उरण